बुखारी मागाहून घ्या, आधी धुराडं उभं करा

पितृपक्ष संपत आला की माझ्या टपालाचा नूर बदलतो. पावसाळाभर गळक्या पटियांची (छताच्या दगडी फळ्यांची) आणि ओल आलेल्या भिंतींची पत्रं, आणि आता एकदम शेगडी, बुखारी (सरपणावर चालणारी बंद लोखंडी शेगडी, वर धुराचा पाईप), धूर. ग्वाल्हेरची खरी थंडी तशी थोड्या दिवसांची, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी सरेपर्यंत. पण असते तेवढी हाडात शिरते. रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि धुकं बसलं की दुपारपर्यंत ऊन दिसत नाही. त्यात आपली घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी: उंच छत, दगडी फरशी, समोरासमोर खिडक्या. मे महिन्यात ज्या घराचं कौतुक करतो तेच घर जानेवारीत अंगावर येतं. या वेळी आलेले प्रश्न बहुतेक धुराचेच आहेत. माझं आयुष्य बिर्लानगरला मिलच्या बॉयलरवर गेलं, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्त बोलतो. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : काका, आमचं घर दाणाओळीत, आजेसासऱ्यांच्या वेळचं. सासूबाईंना ब्याऐंशी पूर्ण झाली. त्यांची खोली तळमजल्यावर, १२ बाय १४ फुटांची, उंची १२ फूट, वर पटिया आणि त्यावर मोकळी गच्ची. गच्चीला कठडा आहे आणि एका बाजूला सहा फुटांवर माडीची भिंत. हीटरनं पाय भाजतात आणि पाठ गारच राहते असं त्या म्हणतात. यंदा लोखंडी बुखारी बसवायचं ठरवलं आहे. पत्र्याचं काम करणारा म्हणतो, ४ इंची पाईप खिडकीतून बाहेर काढून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. बुखारी बिडाची घ्यावी की पत्र्याची?
– एक वाचक, लश्कर

उत्तर : वहिनी, तुम्ही बुखारीचं विचारलंत आणि धुराड्याचा निकाल त्या कारागिरावर सोडलात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. खर्चाचे तीन भाग करा, त्यातले दोन धुराड्यावर घाला आणि उरलेल्या एकात बुखारी बघा. साधी पत्र्याची बुखारी चांगल्या धुराड्यावर झकास चालते. महागडी बिडाची बुखारी वाईट धुराड्यावर नुसती धुमसते.

कारण सांगतो. बुखारीत पंखा नसतो. लाकडाला लागणारी हवा आत ओढायची आणि धूर बाहेर टाकायचा, ही दोन्ही कामं धुराडं एकटं करतं. आतला धूर गरम, म्हणून हलका. बाहेरची हवा थंड, म्हणून जड. या फरकातून जी ओढ निर्माण होते तिला आम्ही बॉयलरवाले ड्राफ्ट म्हणतो. पाच मीटर उंच पाईप, आत सरासरी २०० अंश आणि बाहेर ५ अंश असेल तर ही ओढ कागदावर साधारण २५ पास्कल येते. म्हणजे काचेच्या नळीत पाणी जेमतेम अडीच मिलिमीटर हलेल एवढीच. त्यातली थोडी वळणांत जाते, थोडी टोपीत. बुखारीला साधारण १२ पास्कल तरी हवेच. किती तुटपुंज्या ताकदीवर हा सगळा खेळ चालतो ते बघा. त्यात कारागिरानं खिडकीतून आडवा पाईप काढला तर उंचीच उरत नाही, आणि पश्चिमेचा वारा आला की धूर थेट सासूबाईंच्या पांघरुणात.

आता ४ इंचांचं. ६ इंची पाईपचं तोंड २८ चौरस इंच, ४ इंचीचं साडेबारा. निम्म्याहूनही कमी. बुखारीच्या मागचं तोंड जेवढं असेल तेवढाच पाईप शेवटपर्यंत न्यायचा, मधे कुठेही बारीक करायचा नाही. तुमच्या खोलीला पुरेल अशा बहुतेक बुखाऱ्यांचं तोंड ६ इंचांचं किंवा त्याच्या आसपास असतं.

तर तुमच्या घरात मी असा विचार करीन. बुखारी माडीच्या भिंतीपासून लांबच्या टोकाला ठेवायची. नियम असा की गच्चीतून बाहेर पडल्यावर धुराडं निदान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल (भिंत, टाकी, कठडा) त्याच्याहून २ फूट उंच. माडीजवळून पाईप काढलात तर माडीच्या डोक्यावर न्यावा लागेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात तर माडी १० फुटांच्या बाहेर पडते आणि फक्त कठडा मोजायचा राहतो. कठडा ३ फूट धरला तर पाईप गच्चीवर ५ फूट. खाली बुखारीच्या माथ्यापासून छतापर्यंत साडेनऊ, छताची जाडी एक फूट. झाले साडेपंधरा. माथ्यापासून टोपीपर्यंत १५ फूट असले की ओढ बरी मिळते, तेव्हा तुमचं माप नेमकं जमतंय. वळण एकही नको, सरळ वर. एक काटकोनी एल्बो म्हणजे चार-पाच फूट उंची हातची गेल्यासारखी. वळण घेणं भागच पडलं तर ४५ अंशांचे दोन तुकडे घ्या.

पटियाला भोक पाडण्याच्या भानगडीत पडू नका. आपला ग्वाल्हेरी दगड थरांचा, हातोडा चुकला की लांबवर तडकतो, आणि तडा गेलेली पटिया म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवायची नसते. त्यापेक्षा एक अख्खी पटिया उचलायची, तिच्या जागी सळ्या टाकून काँक्रीट ओतायचं आणि ओततानाच मधे १० इंची लोखंडी नळकांडं बसवून घ्यायचं. त्या नळकांड्यातून ६ इंची पाईप जाईल. भोवतीच्या दोन-दोन इंचांच्या फटीत रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडाची लोकर, भरा. थर्माकोल नाही, फोम नाही, कापूस तर नाहीच. वरून पत्र्याची घागरी लावा, म्हणजे जानेवारीतल्या मावठ्याचं पाणी पाईपवरून घरात उतरणार नाही.

पाईप खोलीत काळ्या लोखंडाचा, जाड. गच्चीवर शक्यतो स्टेनलेसचा दुपदरी, मधे रॉकवूल भरलेला, म्हणजे धूर वरपर्यंत गरम राहतो. जस्ताचा मुलामा दिलेला जी.आय. पाईप बुखारीजवळ लावू नका. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळतं, आणि त्याच्या फार आधी त्या पाईपचा वास डोकं धरायला लावतो. जुन्या ॲसबेस्टॉसच्या पाईपचं नावही काढू नका. आणि जोड बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा: वरच्या पाईपचं बारीक टोक खालच्या पाईपच्या आत गेलं पाहिजे. कारागीर हमखास उलटं बसवतात, कारण तसं केल्यानं बाहेरून पावसाचं पाणी आत शिरणार नाही असं त्यांना वाटतं. पण पाईपच्या आतून जो काळा चिकट रस खाली ओघळतो तो मग जोडातून बाहेर येतो आणि भिंतीवर त्याचे ओघळ उमटतात. ते डाग चुन्यानं जात नाहीत, डिस्टेंपरनं झाकत नाहीत. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू.

बुखारी छोटी घ्या. तुमची खोली दोन हजार घनफुटांची. चांगल्या बंद बुखारीत तासाला किलोभर सुकं सरपण जळलं तर अडीच ते तीन किलोवॉट ऊब मिळते, म्हणजे तुमच्या दोन हजार वॉटच्या हीटरहून जास्तच. मोठी आणलीत तर खोली तापेल म्हणून तिची हवा सारखी बंद करावी लागेल, आणि हवा कोंडलेली आग धूर आणि डांबर सोडते. बीड की पत्रा? बीड उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, गरम असताना पाणी सांडलं तर तडकतं. पत्रा पाच मिनिटांत तापतो. सासूबाई पहाटे उठून पूजेला बसत असतील तर पत्रा बरा, जाड मात्र घ्या. पलंग, पडदे, सागवानी दार बुखारीपासून ३ फूट दूर. उघड्या पाईपपासून दीड फूट. ओल्या शाली पाईपवर वाळत घालायची सवय लागते, ती पहिल्या दिवशी मोडून काढा.

काँक्रीटचा तुकडा आठवडाभर पाण्यावर राहायला हवा, मग सुकायला वेळ. म्हणून हे काम दिवाळीआधी उरकायचं. पितृपक्षात नवं काम नको म्हणून सासूबाई अडल्या तर त्यांचंही राहू द्या. मापं घेणं हे काही नवं काम नव्हे.

खिडकीच्या चौकटीत खालच्या बाजूला ४ इंचांचं एक जाळीचं भोक कायम उघडं ठेवा, कारण किलोभर लाकूड जळायला आठ-दहा घनमीटर हवा लागते, ती कुठून तरी आली पाहिजे. आणि कार्बन मोनॉक्साईडचा बॅटरीवर चालणारा अलार्म घ्या. हे ऐच्छिक नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी बुखारी बसवली. पाईप भिंतीतून बाहेर आणि मग बाहेरच्या बाजूनं वर, दोन एल्बो. सकाळी पेटवताना सगळा धूर घरात. धुक्याच्या दिवशी तर विचारूच नका. गंमत म्हणजे रात्री छान पेटलेली असते आणि सौ. पोळ्या करायला लागली की पुन्हा धूर मारते. बायकोचा आणि बुखारीचा काय संबंध?
– एक त्रस्त गृहस्थ, थाटीपूर

उत्तर : सौभाग्यवतींचा नाही, त्यांच्या डोक्यावरच्या इलेक्ट्रिक चिमणीचा आहे. ती तासाला हजार घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकते. थंडी म्हणून तुम्ही दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, खाली लोकरीच्या गुंडाळ्यासुद्धा सारल्या असतील. मग बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी हवा येणार कुठून? घरात बाहेर उघडणारी एकच मोकळी नळी उरली, ती बुखारीची. त्यातूनच येते, धूर घेऊन. खात्री करायची तर विझलेल्या बुखारीचं दार किंचित उघडून तोंडाशी उदबत्ती धरा. धुराची रेघ आत वाकली तर ठीक. आता सौ.ना स्वयंपाकघरातली चिमणी पूर्ण वेगानं लावायला सांगा. रेघ तुमच्या तोंडाकडे वळेल. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडी, मधलं दार बंद, आणि बुखारी पेटत असताना ती चिमणी सर्वांत कमी वेगावर. बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्यालाही हेच लागू.

सकाळचा धूर वेगळा. तुमचा पाईप रात्रभर बाहेर उघड्यावर, त्यातली हवा बाहेरइतकीच गार, धुक्यात ओलीही. तो जड हवेचा स्तंभ पाईपमध्ये बूच मारल्यासारखा बसून असतो. घर आतून जरा ऊबदार असलं तर तो खालीच सरकतो. त्याच्याखाली तुम्ही लाकडं पेटवता, धूर जाणार कुठे? मिलमध्ये सुट्टीनंतर थंड बॉयलर पेटवताना आम्ही आधी चिमणीच्या पायथ्याशी टाकाऊ सुताचा बोळा जाळत असू. चिमणी गरम झाली, ओढ लागली, की मग भट्टी. तुम्हीही तेच करा. बुखारीच्या आत शक्य तितकं पाईपच्या तोंडाशी वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद सैल चुरगाळून पेटवा. आधी धूर घुटमळेल, मग एकदम ‘घुर्र’ असा आवाज होऊन ज्वाळा वर खेचली जाईल. तो आवाज ऐकल्याशिवाय खालचं सरपण पेटवायचं नाही. आणि सरपणही वरून पेटवा: खाली जाड फोडी, त्यावर बारीक, सर्वांत वर ढलप्या आणि काडी वरच्या टोकाला. आपल्याला चुलीची सवय, म्हणून हात आपोआप खालीच जातो. पण वरून पेटवलेल्या रचनेत खालच्या लाकडाचा धूर वरच्या ज्वाळेतून जातो आणि तिथेच जळतो.

हा झाला रोजचा इलाज. मूळ दुखणं त्या दोन एल्बोंत आणि उघड्या पाईपमध्ये आहे. भिंतीबाहेर पाईप वळतो तिथे एल्बो काढून ‘टी’ बसवा, खालच्या तोंडाला झाकण; काजळी तिथे जमेल आणि झाकण काढून झाडता येईल. बाहेरच्या उभ्या पाईपवर रॉकवूल गुंडाळून वर पत्रा चढवा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाईप बाहेरून काळपट-तपकिरी ओघळलेला असणार. धूर साधारण १२० अंशांच्या खाली गेला की त्यातलं डांबर पाईपला चिकटतं. ते पुढे सुकतं, कडक होतं, आणि एखाद्या रात्री आग जोरात लागली की तेच आतून पेट घेतं. विमान जवळून गेल्यासारखा आवाज येतो, पाईप लाल होतो. तेव्हा बुखारीची दारं आणि हवेची भोकं घट्ट बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ लावा. पाईपमध्ये पाणी ओतू नका, वाफेनं पाईप फुटतो. अर्थात दर वर्षी तारेचा ब्रश फिरवलात तर ही वेळ येणार नाही. यंदाचा ब्रश अजून फिरवला नसेल तर हे वाचून झाल्यावर लगेच.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये. धुराड्याची सोय नाही. लोखंडी शेगडीत कोळसे बाल्कनीत फुलवतो, धूर पूर्ण गेला की आत आणतो आणि रात्री खिडकी थोडी उघडी ठेवतो. धूर नाही म्हणजे धोका नाही ना?
– एक वाचक, सिटी सेंटर

उत्तर : धोका आहे, आणि जिवाचा आहे. आजपासून बंद करा.

धूर डोळ्यांत जातो, खोकला येतो, माणूस उठून खिडकी उघडतो. फुललेल्या कोळशातून जो कार्बन मोनॉक्साईड निघतो त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत चुरचुरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, आणि मग छान झोप येते. ऊब मिळाली म्हणून झोप आली असंच घरच्यांना वाटतं. दर हिवाळ्यात आपल्याच भागातल्या वर्तमानपत्रांत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबाची बातमी येते; खिडकी थोडी उघडी ठेवली तरी हा धोका टळत नाही. कुणाला असं झालं तर दारं उघडून त्याला मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि शेगडी होती हे डॉक्टरांना आधी सांगा.

फ्लॅटमध्ये मी ऊब विजेचीच घेईन. तेल भरलेला रेडिएटर रात्रभर चालतो, हवा जळत नाही, नुसती खोली तापते. एसी नवा घ्यायचा असेल तर थंड आणि गरम दोन्ही करणारा घ्या. तो बाहेरची ऊब आत ओढतो, त्यामुळे एका युनिटमागे साध्या हीटरच्या तिपटीच्या आसपास ऊब देतो. कडाक्याच्या रात्री जरा कमी. आणि रात्री अंथरुणात पायाशी गरम पाण्याची पिशवी. आमच्या घरी अजूनही हाच कार्यक्रम आहे.

प्रश्न : आजोबांचा तांब्याचा बंब माळ्यावरून काढून कल्हई करून घेतला. गीझर बंद करून यंदा त्यावरच आंघोळी करायचा विचार आहे. बाथरूममध्ये ठेवला तर चालेल का? दुसरं, बुखारीच्या पाईपला तांब्याची नळी गुंडाळून फुकट गरम पाणी मिळतं असं ऐकलं.
– एक हौशी वाचक, शिंदे की छावणी

उत्तर : बंब काढलात, फार छान. मधे उभी नळी, तिच्यात आग, भोवती पाणी; धुराड्याचं सगळं शास्त्र त्या एका भांड्यात आहे. झाकण काढून वर हात धरलात तर ओढ तळहाताला कळते. पण आजोबांनी तो चौकात, परसात किंवा न्हाणीच्या दाराबाहेर ठेवला होता. आजचं बाथरूम म्हणजे चार बाय सहाचं डबडं, टाईल्स छतापर्यंत, वर एक कवडसा येईल एवढं झरोकं. तिथे बंब म्हणजे वरच्या पत्रातली शेगडीच, पाण्यासकट. बाल्कनीत किंवा अंगणात पेटवा, बादली भरून आत न्या. गॅस गीझर असेल तर तोही बाथरूमच्या बाहेरच हवा.

नळीचं म्हणाल तर मी नाही म्हणेन. बंद नळीत पाणी उकळलं आणि वाफेला वाट नसली तर ती नळी बॉम्ब होते. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह उगाच नसतो. शिवाय नळी पाईपची उष्णता चोरते, धूर थंड होतो, डांबर वाढतं. बुखारीच्या माथ्यावर पाण्याचं पातेलं ठेवा. चेहरा धुण्यापुरतं गरम होतं आणि हवाही कोरडी पडत नाही.

प्रश्न : सरपण कोणतं घ्यावं? टालवाला (सरपणाच्या वखारीवाला) म्हणतो सगळं सुकंच आहे.
– एक वाचक, मुरार

उत्तर : टालवाल्याला तसं म्हणावंच लागतं, लाकूड वजनावर विकतो ना. पाण्याचंही वजन होतं.

ताजं तोडलेलं लाकूड जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते पाणी आधी उकळून जाणार, मग लाकूड तापणार. वीस टक्क्यांच्या खाली ओल आली की किलोमागे चार युनिटांच्या आसपास ऊब मिळते. निम्मं पाणी असेल तर त्याच्या जेमतेम अर्धी, वर धूर आणि डांबर फुकट. टालावर दोन फोडी हातात घेऊन एकमेकींवर आपटा. सुकं लाकूड ठणठणतं, ओलं ‘धप्प’ म्हणतं. टोकांना किरणांसारख्या चिरा हव्यात, साल नखानं सुटली पाहिजे. तरी शंका असेल तर एक फोडी घरच्या काट्यावर तोला, आठवडाभर उन्हात ठेवा आणि पुन्हा तोला. वजन चांगलंच उतरलं तर टालवाल्याला नमस्कार करून पुढच्या टालावर जा.

जात म्हणाल तर बाभूळ उत्तम. आपल्याकडे मुबलक मिळते ती विलायती बाभूळ. चंबळच्या बीहडांत (नदीकाठच्या घळ्यांत) जमीन धुपू नये म्हणून १९८० च्या दशकात विमानातून जिचं बी टाकलं तीच. काटेरी, हट्टी, शेतकऱ्यांचा जीव खाणारी, पण जळायला एक नंबर: निखारा टिकतो, ज्वाळा शांत. शिसवही छान, मिळाली तर. आंबा आणि कडुनिंब चालतात, पण लवकर संपतात. निलगिरीत तेल असतं, ती भरपूर सुकवलेलीच घ्या. सुताराकडचा प्लायवूडचा, सनमायक्याचा, रंग दिलेल्या खिडकीचा तुकडा बुखारीत टाकायचा नाही, फुकट मिळाला तरी. त्यातला गोंद आणि रंग जळून जो धूर होतो तो तुम्ही आणि शेजारी दोघेही घेता.

शेजाऱ्यांवरून आठवलं. ग्वाल्हेर हे केंद्राच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी एक आहे, म्हणजे आपली हवा आधीच धड नाही. धुक्यात धूर वर जातच नाही, गल्लीतच तरंगत राहतो. म्हणून पेटवून पंधरा-वीस मिनिटं झाल्यावर एकदा गच्चीवर जाऊन बघा. टोपीतून नुसती थरथरणारी हवा दिसली तर तुमचं काम बरोबर चाललंय. पांढरा, जाड धूर दिसला तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी आहे. झोपताना ओंडका घालून हवा बंद करायची पद्धत पहाडातल्या लोकांकडून आपल्याकडे आली आहे, ती इथे नको. शेवटचं लाकूड ज्वाळेनिशी जळू द्या, निखारे उरले तरी पाईपची वाट बंद करू नका. वाटेत डॅम्परची झडप असेल तर तिला रुपयाएवढं भोक पाडून घ्या, म्हणजे चुकूनही पूर्ण बंद होणार नाही.

राख लोखंडी डब्यात, झाकण लावून, घराबाहेर. वरून पांढरी दिसली तरी आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. भांडी घासायला ठेवा. तुळशीत ओतू नका, आपली माती आधीच खारट.

प्रश्न : इंदूरला राहतो. ग्वाल्हेरच्या मेव्हण्याचं बघून मलाही बुखारी बसवावीशी वाटते.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : माळव्यातल्या चार कडक रात्रींसाठी छत फोडू नका. जाड गोधडी घ्या, आणि फारच वाटलं तर डिसेंबरात मेव्हण्याकडे या. तानसेन समारोहही तेव्हाच असतो.

प्रश्न : धुराडं छान चालतं, पण माकडं येऊन पाईप हलवतात. दोनदा टोपी काढून नेली.
– एक वाचक, जनकगंज

उत्तर : पाईप गच्चीवर ५ फुटांहून उंच असेल तर त्याला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यायलाच हवेत, माकडं नसली तरी, कारण वारा असतोच. ताण टोपीला नको, टोपीखाली हातभर अंतरावर लोखंडी पट्टा आवळून त्याला बांधा, आणि दुसरं टोक कठड्यात बोल्टनं. टोपी नुसती दाबून बसवलेली दिसते. ती तीन स्टेनलेस स्क्रूंनी घट्ट करा, रिव्हेट मात्र नको, ब्रश घालायला दर वर्षी काढावी लागते. माकडं आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून काही जण टोपीला बारीक जाळी लावतात. बारीक जाळीत काजळी धरते आणि महिन्याभरात धुराड्याचा गळा बंद होतो. लावायचीच तर अर्ध्या इंचाहून मोठ्या घरांची लावा आणि थंडीत दोन-तीनदा वर चढून बघा. उन्हाळ्यात मात्र टोपीचं तोंड जाड कापडानं बांधून ठेवा आणि त्या कापडाची चिंधी बुखारीच्या दाराच्या मुठीलाही बांधा. नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी कापड सोडायचं विसराल.